हत्यार कोणाच्या कपाटातले?

महोदय,

अमेरिकेतील शाळांमधल्या गोळीबारांवर आपल्या अंकात पत्रे येत आहेत. त्यात एका वाचकांनी विचारले आहे, 'बंदुकांवर निर्बंध आणून काय होणार? पुण्यात पोरे कोयत्याने वार करतातच ना!' कोयत्याचे नाव निघाले म्हणून लिहितो. बोहरी आळीच्या बाजूला माझे अवजारांचे दुकान आहे. कोयते, विळे, खुरपी, कुऱ्हाडी विकणे हा वडिलांपासूनचा धंदा.

कोयत्याने माणूस मरतो, हे मला कोणी सांगायला नको. पण त्यासाठी मारणाऱ्याला हातभर अंतरावर यावे लागते. जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत भर सकाळी एका तरुणीमागे कोयता घेऊन धावलेल्याला रस्त्यावरच्या पोरांनीच धरले. त्याच्याकडे रायफल असती तर कोण पुढे झाले असते? अमेरिकेत टेक्सासमधल्या उवाल्डे इथल्या शाळेत मे 2022 मध्ये एक जण रायफल घेऊन वर्गात शिरला, तेव्हा शस्त्रधारी पोलीससुद्धा वर्गाबाहेर तासाहून अधिक वेळ थांबून राहिले. 19 मुले आणि 2 शिक्षिका गेल्या.

आणखी एक तारीख सांगतो, 14 डिसेंबर 2012. त्या दिवशी चीनमधल्या हेनान प्रांतात एकाने चाकू घेऊन प्राथमिक शाळेतल्या 23 मुलांवर वार केले. सगळी वाचली. त्याच दिवशी अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत एकाने रायफल चालवली, तिथे 20 मुले आणि 6 मोठी माणसे ठार झाली. माथेफिरू दोन्हीकडे होता. 'दोष माणसाचा, हत्याराचा नव्हे' म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आता आमच्या गल्ल्यावरचे. 2023च्या सुरुवातीला पोलिसांनी सांगितले, कोयता घेणाऱ्याचे आधार कार्ड घ्या. कटकट झालीच. शहाळेवाला भडकला, "शेठ, नारळ सोलायला आधार?" माळीकाम करणारे तर कार्ड घरी ठेवून येतात, रिकाम्या हाताने परत जातात, आणि माझे गिऱ्हाईक तुटते. तरी वही ठेवतो. टेक्सासमध्ये ओळखीच्या माणसाकडून रायफल विकत घेताना एवढीही विचारपूस बंधनकारक नाही. तपासणीची सक्ती परवानाधारक दुकानदाराला आहे, खासगी विक्रेत्याला नाही.

पण वही ठेवून सगळे भागत नाही, हेही खरे. सँडी हूकच्या मारेकऱ्याने बंदुका आईच्या घेतल्या होत्या, तिने त्या रीतसर खरेदी केलेल्या. आपल्याकडे गुडगावात डिसेंबर 2007 मध्ये आठवीतल्या मुलाला शाळेतच गोळी घातली गेली, ते पिस्तूल मारणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बापाने 15 वर्षांच्या मुलाला पिस्तूल आणून दिले, चार दिवसांत त्याने शाळेतली 4 मुले मारली. तिथल्या न्यायालयाने 2024 मध्ये आई आणि बाप दोघांनाही किमान 10 वर्षांसाठी तुरुंगात धाडले. मला हे पटले. पोराला 'बिघडला' म्हणून मोकळे होणारे आईबाप इथेही कमी नाहीत.

पुण्यात परवान्याची पिस्तुले बाळगणारे बरेच आहेत, त्यातले काही ती कमरेला दिसतील अशी लावून समारंभांना मिरवतात. परवान्याचे नूतनीकरण करण्याआधी पोलिसांनी त्यांच्या घरी जाऊन कपाट पाहावे, किल्ली कोणाजवळ असते आणि घरात शाळकरी मुले किती, ते विचारून लिहून घ्यावे. आमची वही तपासायला येतात, तसे तिकडेही जावे.

— एक अवजार विक्रेता, रविवार पेठ, पुणे
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये.)