ते एक पॅकेज तू का बांधून ठेवलंस?

बेळगाव,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, याची टोचणी आहे. फोनवर आपण "बरं आहे की" एवढंच बोलतो आणि ठेवतो. इथं सगळे ठीक आहेत, आईचा गुडघा थंडीत धरतो तेवढाच. आज लिहायला बसलो, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून कळायची नाही, आणि पावतीचं पॅकेज, म्हणजे तो बाहेरून घेतलेला तयार कोड, तू एकाच आवृत्तीवर का बांधून ठेवलास ते शेवटी विचारायचंय.

तुझ्या भाचीनं आपल्या सोसायटीच्या पिग्मीच्या (रोजच्या छोट्या ठेवींच्या) अ‍ॅपचा कोड तिच्या नव्या लॅपटॉपवर उतरवला आणि तो उभाच राहीना. सोसायटीत अ‍ॅप चालतंय, वडगावातले एजंट रोज नोंदी घालतात, तिकडची काळजी नाही. खरं, नवीन यंत्रावर ते बांधता येत नसेल तर सर्व्हर बसेल त्या दिवशी आपल्या हातात काय राहील? ही काळजी मला दोन आठवडे सोडत नाही.

चूक कुठली ते तू ओळखलं असशील. "डिजिटल एन्व्हलप रुटीन्स, अनसपोर्टेड." २०२१ साली आपण क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप या तयार साच्यावर, ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड १४ वर बांधलं. त्या साच्याच्या पोटात फायली एकत्र बांधणारा वेबपॅक ४ आहे आणि तो फायलींचे ठसे काढायला एमडी४ ही जुनी पद्धत वापरतो. नोड १७ पासून आत ओपनएसएसएल ३ ही सुरक्षेची लायब्ररी आली आणि तिनं एमडी४ बाजूला टाकली. तिच्या लॅपटॉपवर नोड २२. तिनं ए.आय.ला विचारलं, त्यानं जुन्या प्रोव्हायडरचा पर्याय नोडला द्यायला सांगितला, अ‍ॅप चालू झालं आणि पोरगी खूश. मी तिला तिथंच थांबवलं. त्या पर्यायानं टाकून दिलेली पद्धत पुन्हा आत घेतली जाते, खालचा वेबपॅक तसाच जुना राहतो. मूळ उपाय तो नव्हे.

तिची दुसरी चूक जास्त महागात पडली असती. तिनं आधी एनपीएम (पॅकेजं उतरवणारं साधन) इन्स्टॉल मारलं होतं. आपली लॉक फाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेजाची नेमकी आवृत्ती नोंदवणारी यादी, नोड १४ सोबतच्या एनपीएम ६ नं लिहिलेली, पहिल्या आवृत्तीची. नवा एनपीएम ती वाचतो आणि आपल्या पद्धतीनं सगळीच पुन्हा लिहितो. ते गिटमध्ये, म्हणजे कोडच्या इतिहासात, ढकललं असतं तर "काल चालत होतं ते नेमकं काय होतं" याचा पुरावा जुन्या इतिहासातून खणून काढावा लागला असता. म्हणून आता क्रम ठरवून दिलाय. आधी नोडच्या आवृत्त्या बदलणारं एनव्हीएम घालायचं आणि नोड १४ वर यायचं. मग एनपीएम सीआय, इन्स्टॉल नव्हे. सीआय नोड मोड्यूल्सचा फोल्डर पुसतो आणि लॉकमध्ये आहे तेच, तेवढंच उतरवतो. पॅकेज फाइल आणि लॉक जुळत नसतील तर थांबतो, गुपचूप काही बदलत नाही. जुनं अ‍ॅप जुन्या नोडवर जसंच्या तसं उभं राहिलं की गिटमध्ये एक खूण मारायची. पुढचं सगळं त्या खुणेनंतर. नोड १४ एप्रिल २०२३ मध्येच संपला, तेव्हा तो एवढ्याच कामापुरता, सर्व्हरवर ठेवायला नव्हे.

आता आपलं जुनं भांडण. तू म्हणायचास, चालतंय तर हात लावू नको. मी म्हणायचो, नवीन आलं की घ्यायचं. दुसऱ्या रेल्वे गेटावर गाडी जाईपर्यंत उभे राहून आपण त्यावर भांडलोय आणि गेट उघडल्यावरही मागच्यांनी हॉर्न मारेपर्यंत हललो नाही. गेल्या वर्षात दोन गोष्टी घडल्या, आणि आपण दोघंही अर्धे बरोबर होतो असं मला मनापासून वाटतं. ८ सप्टेंबर २०२५ ला एका पॅकेजकर्त्याला खोट्या ईमेलनं फसवून चॉक, डिबग धरून १८ पॅकेजांत चोरी करणारा कोड घातला गेला. काही तासांत तो काढला, पण त्या तासांत ज्यानं डोळे झाकून अपडेट मारलं त्याच्या घरात तो शिरला. तिथं तुझी बाजू खरी. मग ३ डिसेंबरला रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कंपोनंटमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भागात, असं भोक जाहीर झालं की बाहेरचा माणूस लॉगिनशिवाय सर्व्हरवर आपला कोड चालवू शकेल. तीव्रता १० पैकी १०. तिथं "नंतर बघू" म्हणणारा बुडाला असता. आपलं अ‍ॅप फक्त ब्राउझरमध्ये चालतं, सर्व्हर कंपोनंट नाहीत, म्हणून आपल्याला झळ नाही. पण तुझ्या ऑफिसात रिअ‍ॅक्टवर उभारलेलं नेक्स्ट १५ आहे असं म्हणाला होतास. तिथं ठिगळ लागलंय का ते उद्याच बघ. नेक्स्ट रिअ‍ॅक्टचा तो भाग स्वतःच्या पोटातच आणतो, म्हणून नेक्स्टचीच ठिगळ लावलेली आवृत्ती हवी, १५.५ असेल तर निदान १५.५.७ तरी.

म्हणून मी तिला नियम असा घालून दिलाय: साधं अपडेट आठ दिवस पिकू द्यायचं, सुरक्षेचं ठिगळ त्याच दिवशी लावायचं. एनपीएमसारख्याच पीएनपीएमच्या १०.१६ पासून ही सोयच आहे, पॅकेज किती मिनिटं जुनं झाल्यावर घ्यायचं ते लिहून ठेवता येतं. आठ दिवस म्हणजे ११,५२० मिनिटं. शिवाय पीएनपीएम १० परक्या पॅकेजांच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट आपणहून चालवत नाही, आणि चोर बहुतेक त्याच दारानं येतात. आवृत्तीच्या आकड्याआधीची टोपी (^) आणि लाट (~) यातला फरकही तिला वहीत लिहायला लावला. टोपी असेल तर १.२.३ चं १.९.० होऊ शकतं, २.० होत नाही. लाट असेल तर फक्त शेवटचा आकडा हलतो. आणि शून्यानं सुरू होणाऱ्या आवृत्तीत, म्हणजे ०.२.३ मध्ये, टोपीसुद्धा फक्त शेवटचाच आकडा हलवते. इथं भलेभले चुकतात.

क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप १४ फेब्रुवारी २०२५ ला रिअ‍ॅक्टवाल्यांनीच अधिकृतपणे मोडीत काढलं, तेव्हा वीट (Vite) या नव्या बांधणीच्या साधनावर जायचं हे ठरलं. वीट ७ ला नोड २०.१९ किंवा २२.१२ च्या पुढचा लागतो. आम्ही २४ धरला, त्याला एप्रिल २०२८ पर्यंत आधार आहे. काम वाटतं तेवढं मोठं नाही, पण अडतं ते ठरलेल्या जागीच. इंडेक्स एचटीएमएल पब्लिक फोल्डरमधून बाहेर मुळाशी आणायची, तिच्यातला पब्लिक यूआरएल काढायचा, आणि सुरुवातीची फाइल मोड्यूल म्हणून स्क्रिप्टच्या ओळीत स्वतः लिहायची. जेएसएक्स, म्हणजे जावास्क्रिप्टमधलं एचटीएमएलसारखं लिखाण, असलेल्या सगळ्या फायलींचं शेपूट .jsx करायचं. रिअ‍ॅक्ट_अ‍ॅप_ नं सुरू होणारी नावं वीट_ नं सुरू करायची आणि कोडात प्रोसेस एन्व्हच्या जागी इम्पोर्ट मेटा एन्व्ह लिहायचं. प्रोसेस एन्व्ह एक जरी राहिलं तरी लॅपटॉपवर चालवून बघताना ब्राउझर "प्रोसेस इज नॉट डिफाइन्ड" म्हणतो आणि पांढरं पान दाखवतो. ही नावं बांधणीच्या वेळी कोडात छापली जातात, म्हणून त्यात पासवर्ड ठेवायचा नाही, हे तिला तीनदा सांगितलं.

फसवी जागा वेगळीच आहे. जुनी बांधणी बिल्ड फोल्डरमध्ये पडायची, वीटची डिस्टमध्ये पडते. सर्व्हरवर चढवणारी तुझी स्क्रिप्ट बिल्डच उचलते. म्हणजे चूक कुठंच दिसणार नाही, आणि जुनीच बांधणी पुन्हा पुन्हा वर जात राहील. आउटपुटचं नाव बिल्डच ठेवायला सांगितलं. आणि तिचा लॅपटॉप विंडोजचा: फाइलचं नाव पहिलं अक्षर मोठं, इम्पोर्टमध्ये लहान, तिच्याकडे धावतं आणि लिनक्सच्या सर्व्हरवर फाइल सापडत नाही.

आता खरी भीती. एजंट खानापूरकडच्या गावात रेंज नसताना नोंदी घालतात, त्या मोबाइलमध्येच इंडेक्सडीबीत, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात, थांबतात आणि रेंज आली की वर जातात. जुना सर्व्हिस वर्करही, म्हणजे पानं साठवून ठेवणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट, त्याच मोबाइलमध्ये बसलाय. नवी बांधणी चढवली तरी तो साठवलेली जुनी पानं देत राहील, आणि जुनी पानं ज्या फायली मागतील त्या सर्व्हरवर नसतील. पांढरा पडदा दिसला की कुणीतरी शहाणा एजंटाला सांगणार, "साइटचा डेटा पूस." पुसला की न गेलेल्या नोंदी गेल्या. त्या लोकांच्या रोजच्या पन्नास-शंभर रुपयांच्या ठेवी आहेत, मित्रा. म्हणून जुन्याच नावाची सर्व्हिस वर्करची फाइल ठेवायची, आणि तिचं एकच काम: स्वतःचा कॅश पुसणं आणि स्वतःला काढून घेणं. इंडेक्सडीबीला तिनं हात लावायचा नाही. डोमेनही बदलायचं नाही, कारण तो साठा पत्त्याला बांधलेला असतो. आणि चढवायचं ते रात्री, सगळ्यांच्या न गेलेल्या नोंदींपुढं "शिल्लक शून्य" दिसल्यावर.

हे सगळं करताना मराठीच्या जुन्या खोडी पुन्हा वर आल्या. कर्जाच्या नोंदीत "चाऱ्यासाठी" शोधलं तर अर्ध्याच नोंदी येतात, आठवतंय? कारण शेवटी सापडलं. काही कीबोर्ड र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून "र्‍य" लिहितात, काही नुक्त्याच्या ऱ नं लिहितात. डोळ्याला एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण या दोघांना एक करत नाही. आपणच बदलावं लागतं: साठवताना आणि शोधताना, दोन्हीकडे एकच रूप. जुन्या नोंदी आधी बॅकअप घेऊन एकदाच फिरवून घेतल्या.

आकड्यांचंही तसंच. एजंटानं मराठी कीबोर्डवर "५०" लिहिलं तर जावास्क्रिप्टचा नंबर त्याला आकडाच मानत नाही. उलट आपण रक्कम मराठी पद्धतीनं दाखवायला सांगितली की ब्राउझर देवनागरी अंक देतो, आणि तेच खोक्यात परत भरलं की पुढची बेरीज कोसळते. भाषेच्या खुणेपुढं यू-एनयू-लॅटन जोडलं की लाखाचा स्वल्पविराम राहतो आणि अंक साधे येतात. कन्नड पावतीला हे लागत नाही, तिथं मुळातच साधे अंक येतात. पानाला भाषा मराठी अशी खूण केली नाही तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात, तेही दुरुस्त केलं. सोसायटीच्या काकांना फरक लगेच कळला, "आता आपलं दिसतंय" म्हणाले.

पोरगी हुशार आहे. फक्त दर पंधरा दिवसांनी नवं फ्रेमवर्क धरते. तिला सध्या साधा एचटीएमएल फॉर्म, त्यातून जाणारी विनंती ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये वाचणं, एसक्यूएल आणि गिट एवढ्यावर रोखलंय. नवीन काही ब्राउझरमध्ये वापरायचं तर एमडीएन या वेबच्या माहितीच्या साइटवर "बेसलाइन" बघ म्हटलंय. सगळ्या मुख्य ब्राउझरांत येऊन ३० महिने झाले की ते सर्रास वापरण्याजोगं धरतात, आणि आपल्या एजंटांचे मोबाइल जुने आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ नोड, रिअ‍ॅक्ट, वीट आणि पोस्टग्रेस डेटाबेस यांच्या बदलांच्या नोंदी वाचायच्या, बाकी कुठलीही बातमी सोडून द्यायची.

तुझ्या नव्या घराची वास्तुशांत कधी? वहिनींची बदली झाली का? तुझ्या आईला इकडं पाठव, पाऊस लागायच्या आत. वास्तुशांतीला येताना कुंदा मीच घेऊन येतो.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. पॅकेज फाइलमध्ये सगळ्यांना टोपी आहे, एकट्या पावतीच्या पॅकेजाला नाही. तू ते नेमक्या आवृत्तीवर बांधलंस आणि गिटमध्ये लिहिलंस, "पावती. हात लावू नको." कारण नाही लिहिलं. वीटवर ते उभं राहत नाही, नवी आवृत्ती घ्यावीच लागेल. मी खूप विचार केला. ५८ मिलिमीटरच्या प्रिंटरला ४८ मिलिमीटर छापता येतं, ३८४ ठिपके. त्याला देवनागरी येत नाही, म्हणून आपण पावतीचं चित्र काढून पाठवतो. एका ओळीचे ४८ बाइट. ब्लूटूथवर एका वेळी ५१२ पेक्षा जास्त जात नाहीत, म्हणून दहा दहा ओळींचे ४८० बाइटचे तुकडे. नव्या आवृत्तीत तुकड्यांमधला थांबा कमी केलाय असं दिसतं. प्रिंटर मागं पडून पावतीचा खालचा अर्धा भाग येत नसे, म्हणून तू ते बांधलंस का? की रुंदी चुकून जोडाक्षरं कापली जात होती? पहिलं असेल तर थांबा आपण स्वतः घालू, दुसरं असेल तर चित्रच पुन्हा आखावं लागेल. मी इथल्या एका प्रिंटरवर चाळीस पावत्या काढल्या, सगळ्या नीट आल्या. पण तेव्हाचा तो जुना प्रिंटर अजून तीन एजंटांकडे आहे.

काय झालं होतं ते आठवून कळव. तोवर ती ओळ मी तशीच ठेवलीय.

तुझाच,
तिसऱ्या गेटाजवळचा