जन्मजात अस्तित्ववादी म्हणे!

मा. संपादक,

कालच्या रविवार पुरवणीतला अस्तित्ववादावरचा लेख वाचला. तत्त्वज्ञानाला अख्खे पान दिलेत, त्याबद्दल आभार. एरवी त्या पानावर 'सी-फेसिंग' व्हिलांच्या जाहिराती असतात. पण 'गोमंतकीय माणूस स्वभावतःच सुशेगाद (निवांत), म्हणून तो जन्मजात अस्तित्ववादी' हे वाक्य चौकटीत, ठळक टायपात टाकण्याआधी कोणीतरी एकदा वाचायला हवे होते.

'अस्तित्व आधी, सारतत्त्व मागाहून' हे फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रचे सूत्र त्याच चौकटीच्या वर दोन ओळींवर छापले आहे. त्याचा अर्थ लेखकमहाशयांना कळला असता तर खालचे वाक्य लिहिताना हात थांबला असता. सार्त्र कागद कापायच्या सुरीचे उदाहरण देतो, आपण घरची आदोळी, म्हणजे विळी, घेऊ. पाते किती वाकवायचे, नारळ खवायला टोकाला दाते कसे काढायचे, बसायचा पाट केवढा, हे सगळे करणाऱ्याच्या डोक्यात आधी असते आणि आदोळी नंतर होते. माणसाचा असा आराखडा कोणी आधी काढून ठेवलेला नाही, हे सार्त्रचे म्हणणे. माणूस आधी जगात येतो आणि जे करतो त्यातून घडत जातो. भित्रा माणूस रक्तात भित्रेपणा घेऊन येत नाही, भित्र्यासारखे वागून तो भित्रा ठरतो. उद्या तो वेगळे वागू शकतो. मग सुशेगादपणा तेवढा आईच्या पोटातून कसा येतो? 'जन्मजात' म्हटले की अस्तित्ववाद तिथेच संपला.

यावर कोणी भाबडेपणाने पहाटे भट्टी पेटवणारा पदेर (पाववाला) आणि ताडीसाठी माडावर चढणारा रेंदेर दाखवून 'पाहा, गोवेकर किती कष्टाळू' असे उत्तर पाठवील. कृपया तेही छापू नका. सुशेगाद काय आणि कष्टाळू काय, शिक्का बदलला तरी चूक तीच राहते.

सार्त्रच्या भाषेत या चुकीला नाव आहे: आत्मवंचना. लेखात तिचा अर्थ 'लबाडी' असा दिला आहे आणि कॅफेतला वेटर गिऱ्हाइकाला फसवतो, असे लिहिले आहे. 1943 च्या 'बीइंग अँड नथिंगनेस' या सार्त्रच्या ग्रंथातला तो वेटर कोणालाही फसवत नाही. त्याची चाल जरा जास्तच चटपटीत, वाकणे जरा जास्तच तत्पर. दौत जशी दौत असते तसे आपण निव्वळ वेटर आहोत, असे तो स्वतःलाच पटवू पाहतो. लबाड माणसाला खरे ठाऊक असते आणि तो ते दुसऱ्यापासून लपवतो. आत्मवंचनेत फसवणारा आणि फसणारा एकच. 'आमचा स्वभावच असा', 'गोव्यात हे असेच चालायचे' ही तिचीच सरकारी कचेरीतली आवृत्ती. फाईल हलत नाही ती कोणीतरी हलवत नाही म्हणून, स्वभावामुळे नव्हे.

उलट बाजूनेही आत्मवंचना होते आणि लेखाचा उत्तरार्ध नेमका त्याच खड्ड्यात पडला आहे: 'सार्त्र सांगतो, मनात येईल ते करा.' कुठे सांगतो? आपली जागा, आपला भूतकाळ, भोवतालची माणसे, मृत्यू, यांतले काहीच आपण मागून घेतलेले नसते आणि ते नाकारणे हीही वंचनाच. मात्र त्याचे काय करायचे, हे कोणी ठरवून देत नाही. समोरचा कडा हलवायचा असेल तर अडथळा, त्यावर चढून मुलूख पाहायचा असेल तर मदत. कडा तोच. आणि 'मी काहीच निवडत नाही' म्हणणाऱ्यानेही निवड केलेलीच असते. हे ओझे आहे, म्हणून सार्त्र 'स्वातंत्र्याची शिक्षा' म्हणतो. सुट्टी म्हणत नाही.

गंमत अशी की पूर्वार्धात निराशावाद आणि उत्तरार्धात स्वैराचार, हे दोन्ही आरोप सार्त्रवर तेव्हाच झाले होते. पहिला कम्युनिस्टांनी केला, दुसरा ख्रिस्ती मंडळींनी. एका कॅथलिक समीक्षक बाईंची तर तक्रार होती की हे लोक तान्ह्या मुलाचे हसू विसरले. 29 ऑक्टोबर 1945 रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्याने दोघांनाही उत्तर दिले आणि 1946 मध्ये ते पुस्तकरूपाने आले. पातळसे पुस्तक आहे, लेख लिहिण्याआधी वाचून झाले असते. त्याच व्याख्यानात आस्तिक अस्तित्ववाद्यांचाही उल्लेख आहे, त्यामुळे 'अस्तित्ववादी म्हणजे नास्तिक' हे विधानही बाद. किर्केगार्द आणि गाब्रिएल मार्सेल हे तत्त्वज्ञ देव मानणारे होते.

'हा तर गीतेचा कर्मयोगच' या शेवटच्या परिच्छेदाबद्दल एवढेच, की गीतेत स्वधर्म आधी ठरलेला असतो. सार्त्रकडे तसे काही ठरलेले नाही, सारी पंचाईत तिथेच आहे.

आणि छायाचित्र! खाली नाव सार्त्रचे, वर कोटाची कॉलर उभी केलेला, सिगारेट ओढणारा देखणा माणूस. तो फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू. सार्त्र चष्मा लावायचा आणि त्याचा एक डोळा तिरळा होता, एवढी खूण पुरे. शिवाय आपण अस्तित्ववादी नाही, हे काम्यूने 1945 मध्येच मुलाखतीत सांगून टाकले होते. त्या बिचाऱ्याला सर्वांनी परस्पर या पंगतीत बसवले, आता आपण त्याचे नावही काढून घेतलेत.

जाता जाता, त्याच पुरवणीतल्या शब्दकोड्यात उभे 7 आणि आडवे 12 यांना एकच सूचना छापली आहे आणि मागच्या कोड्याचे उत्तर कुठेच नाही. ते तरी येत्या रविवारी द्यावे.

– एक वाचक, म्हापसा