गोठा, अंजीर आणि जूनपर्यंतची वैरण

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. परतीच्या पावसानंही पाठ फिरवली, विहिरीनं दिवाळीतच तळ दाखवला आणि आता दोन्ही गायी विकाव्यात का, असं तू विचारतोस. दोन्ही विकू नकोस. गाभण आहे ती ठेवच. दुसरीचं काय ते मात्र आत्ता ठरव, चैत्राची वाट बघू नकोस. ऊन तापलं की सगळेच दावणीची जनावरं बाजारात उभी करतात आणि भाव पडतो.

वैरण पुरेल की नाही, हे गंजीकडे नुसतं बघून कळत नाही. दहा पेंढ्या काट्यावर घाल, सरासरी काढ आणि मग गंजीतल्या पेंढ्या मोज. ४०० किलोच्या संकरित गायीला हिरवा चारा जेमतेम असताना रोज निदान ६ किलो कडबा धर. जूनपर्यंत २०० दिवस म्हणजे एकीला १२ क्विंटल. पाऊस लांबला तर म्हणून महिनाभराची वैरण वर ठेव. पाणी रोजचं ६० ते ८० लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एवढं दोघींना पुरत नसेल तर दुसरीला, म्हणजे भाकड होत आलेलीला, आत्ताच चांगलं गिऱ्हाईक बघ.

कडबा कुट्टी करूनच घाल. आख्खी पेंढी गव्हाणीत टाकली की गाय वरचा पाला ओढून खाते, धाटं पायाखाली येतात, त्यावर शेण-मूत पडतं आणि मग ती तोंड लावत नाही. वहिनी सकाळी जे झाडून उकिरड्यावर टाकतात, त्यात तुझी किती वैरण जाते ते एकदा बघच.

बाजरीचं सरमाड आणि गव्हाचं काड फेकू नकोस. १०० किलो कुट्टीला ४ किलो युरिया आणि ५० लिटर पाणी, हे प्रमाण. युरिया पाण्यात पूर्ण विरघळू दे, तळाशी एक खडा राहता कामा नये. ताडपत्रीवर कुट्टीचा वीतभर थर दे, झारीनं पाणी शिंपड, हातानं खालीवर कर आणि पायानं दाबून पुढचा थर घे. शेवटी वरून ताडपत्री झाकून कडा मातीनं बंद कर. २१ दिवस उघडायचं नाही. नीट दाबलं नाही, हवा राहिली, तर आत बुरशी धरते. तो भाग टाकूनच द्यायचा. काढताना एकाच बाजूनं काढ आणि तासभर पसरून ठेव, नाकात झोंबणारा वास उडून गेला पाहिजे. पहिल्या दिवशी मूठ-दोन मुठी नेहमीच्या वैरणीत मिसळ, आठवड्याभरात वाढवत ने. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला हे अजिबात नको. आणि युरिया कालवलेली बादली गोठ्यात ठेवून कुणी हलायचं नाही. तहानलेल्या जनावरानं ते पाणी प्यायलं तर डॉक्टर येईपर्यंतही वेळ मिळत नाही.

पाण्यावाचून खुंटलेली ज्वारी गायीला कापून घालायचा मोह होईल. घालू नकोस. फुलोऱ्याआधीच्या कोवळ्या, ताण बसलेल्या ज्वारीत विष असतं आणि बांधावर चार घास खाल्लेलं जनावरही दगावू शकतं. उसाचं वाढं मिळालं तर नुसतं वाढंच घालू नकोस, ते शरीरातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवतं. सोबत कडबा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण दे.

बागेचं थोडक्यात सांगतो. सीताफळाची काळजी सोड, हिवाळ्यात ते पानं गाळून विश्रांतीच घेतं. फक्त उन्हाळ्यात पाणी देऊन बहार धरू नकोस. पाणी अंजिराला ठेव. मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्यात पिकणारी फळं, या वर्षी नको. लागलेली कोवळी फळं आत्ताच खुडून टाक, झाडाची ताकद मुळाला राहू दे. आळ्यात पाचटाचा चार बोटं थर दे, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी चढते. लहान झाडांना दोन-दोन मडकी पूर. तळाला बारीक भोक, त्यात चिंधीची वात, तोंडावर झाकण. या वर्षीचं उत्पन्न गेलं तरी चालेल, झाड गेलं तर नव्या लागवडीत वर्षं जातात. काकांना ही फळं खुडणं बघवणार नाही, त्यांना हे नीट समजावून सांग.

कागदाचं काम तेवढं टाळू नकोस. सातबाऱ्यावर पीक पाहणीची नोंद आहे ना, ते बघ. २०२३ साली पुरंदर, बारामतीसह ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले, तेव्हा कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, पीक कर्जाचं पुनर्गठन (फेडीची मुदत वाढवून घेणं) आणि मुलांची परीक्षा फी माफ, अशा सवलती होत्या. या वर्षी तसं काही जाहीर झालं तर पुनर्गठनाचा अर्ज बँकेत लेखी दे आणि पोच घे. थोरलीची दहावी आहे, तिच्या शाळेतही लगेच विचार.

माझ्याकडची मोठी ताडपत्री येत्या रविवारी एसटीनं पाठवतो. तोवर सरमाडाची कुट्टी करून ठेव आणि पेंढ्यांचं वजन किती भरलं ते कळव.

तुझा,
मित्र