पाणी सांडू दे, पण त्यालाच ओतू दे

महोदय,

माझा नातू अडीच वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात त्याने छोट्या तांब्यातून स्वतःच पेल्यात पाणी ओतलं. अर्धं फरशीवर गेलं. सुनेने न रागावता फडकं त्याच्याच हातात दिलं. जिभेचं टोक बाहेर काढून, उकिडवं बसून त्याने सगळं पुसलं. आठवडाभरात सांडणं बंद झालं. आता पाहुणे आले की पाणी तोच देतो.

आमच्या येळ्ळूरमध्ये मात्र बऱ्याच घरांत मूल कडेवरून खाली उतरतच नाही. चप्पल आपण घालायची, घास आपण भरवायचा, पायरी चढायला लागलं की "पडशील रे" म्हणून उचलायचं. मायेपोटीच होतं हे, मीही माझ्या मुलांना तसंच वाढवलं. त्याची हळहळ आता वाटते.

मुलाला आपलं आपण करू द्यायला महागडी खेळणी लागत नाहीत. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत (आताचा पालघर जिल्हा) शिंपले, बिया, पानं घेऊनच मुलांना शिकवलं. आपल्याकडे तर शेंगा सोलायला आहेत, वाटाणे निवडायला आहेत, अंगणात लाल माती आहे. घरात मराठी, गल्लीत कन्नड, मूल दोन्ही सहज उचलतं. त्यालाही अडवू नये.

मूल तीन वर्षांचं झालं की अंगणवाडीत जातं. तिथल्या ताईंनी पालकांना बोलावून मुलं स्वतः बटण कसं लावतात, डबा कसा उघडतात ते समोर दाखवावं, आणि आजी-आजोबांनाही आवर्जून बोलवावं, ही विनंती.

– एक आजी, येळ्ळूर (ता. बेळगाव)