दाखल्याचे तेच वाक्य रोज किती वेळा टंकायचे?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात मी गेली एकोणीस वर्षे लिपिक आहे. दहावीचा निकाल लागला की आमच्या खिडकीसमोर बोनाफाईड आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यांसाठी रांग लागते, आणि ‘प्रमाणित करण्यात येते की, कु. … ही या विद्यालयाची नियमित विद्यार्थिनी असून जनरल रजिस्टरनुसार तिची जन्मतारीख …’ हे वाक्य मी अनेक वर्षे दिवसातून तीस-चाळीस वेळा पहिल्या ‘प्र’पासून टंकत आलो. वर लिहिलेली ‘स.न.वि.वि.’ ही चार अक्षरे आपल्या वाडवडिलांनी याच त्रासापायी रूढ केली असावीत. लिहिणाऱ्याने तोडायचे आणि वाचणाऱ्याने मनातल्या मनात पूर्ण करायचे. हे पूर्ण करण्याचे काम आता संगणक करतो, पण कार्यालयातील बहुतेकांना त्याचा पत्ता नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग या वाटेने गेल्यास ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ सापडते. तेथे डाव्या चौकटीत एखादी छोटी खूण आणि उजव्या चौकटीत पूर्ण मजकूर एकदा भरून ठेवला, की पुढे खूण लिहून स्पेस दाबताच मजकूर उमटतो. खूण मात्र विचारपूर्वक निवडावी. मी उत्साहाच्या भरात ‘मु’ ही खूण ‘मा. मुख्याध्यापक’ यासाठी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पालकाच्या पत्त्यात ‘मु. पो.’ लिहायला गेलो, तर कागदावर ‘मा. मुख्याध्यापक. पो.’ असे आले! तेव्हापासून माझ्या प्रत्येक खुणेच्या शेवटी आकडा असतो, जसे ‘बोना१’, ‘मुअ२’. या सोयीत साध्या मजकुराला २५५ अक्षरांची मर्यादा आहे आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक खूण स्वतंत्र अक्षर म्हणून मोजली जात असल्यामुळे मराठी वाक्याला ती लवकर अपुरी पडते. अशा वेळी परिच्छेद निवडून ऑल्ट आणि एफ३ ही बटणे एकत्र दाबून तो साठवावा आणि नंतर त्याचे नाव लिहून नुसते एफ३ दाबावे. वर्डसारख्याच, पण मोफत मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये हीच सोय ‘ऑटोटेक्स्ट’ या नावाने, तर जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड वापरणाऱ्यांच्या मोबाइलवर वैयक्तिक शब्दकोशात आहे. कोणत्याही प्रोग्राममध्ये चालणारी सोय हवी असेल, तर ऑटोहॉटकी आणि एस्पान्सो ही साधने मोफत मिळतात. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या प्रमाणित अक्षरसंचात असावा, हे वेगळे सांगायला नको. जुन्या फाँटमधील मराठी ही आतून रोमन अक्षरेच असल्याने फाँट बदलला की त्याचा नुसता चिवडा होतो.

ही साधने कळण्यापूर्वी मी जुनी फाइल उघडून तिच्यावरच नवे नाव चढवीत असे. एका गर्दीच्या दिवशी नाव आणि जन्मतारीख बदलली, जन्मस्थळ मात्र आधीच्या मुलाचेच राहिले आणि दाखला सहीशिक्क्यासह बाहेर गेला. दोन दिवसांनी तो मुलगाच परत घेऊन आला म्हणून निभावले. एरवी अशी नोंद दुरुस्त करायची म्हणजे पुरावे, प्रस्ताव आणि शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या चकरा. त्या दिवसापासून मी जे बदलत नाही तेवढेच यंत्राकडे सोपवतो आणि जे मुलागणिक बदलते ते रजिस्टर समोर ठेवून हातानेच लिहितो.

आम्हाला ज्या संकेतस्थळांवर माहिती भरावी लागते, त्यांतील काहींची रचना मात्र नेमकी याच्या उलट आहे. शाळेचे नाव, पत्ता आणि शाळेची सरकारी ओळख असलेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक कधीच बदलत नाहीत, तरी ते प्रत्येक अर्जात नव्याने टंकावे लागतात, आणि पेस्ट करायला गेले तर ती सोय बंद केलेली असते. अकरा अंक हाताने लिहिताना चूक होण्याची शक्यता अधिक, की तपासून ठेवलेला क्रमांक चिकटवताना? ब्राउझरने रकाने आपोआप भरावेत यासाठी कोणता रकाना कशाचा, हे फॉर्मच्या कोडमध्ये सांगण्याची प्रमाणित पद्धत आहे आणि संकेतस्थळे अपंग व्यक्तींनाही वापरता यावीत यासाठीच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत २०१८ पासून तिचा समावेशही आहे. त्या यादीत स्वतःचे नाव, मधले नाव, आडनाव, पिनकोड अशा खुणा आहेत, पण आईच्या नावासाठी स्वतंत्र खूण नाही. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी येते. ही मुले शाळेत दाखल होतील तेव्हा ‘मधले नाव’ असा एकच रकाना ठेवून भागणार नाही, याचा विचार फॉर्म तयार करणाऱ्यांनी आतापासूनच करावा.

लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. त्याला माझा विरोध नाही. माझ्याही पोटापाण्याची सोय त्या प्रमाणपत्रानेच झाली. परंतु उमेदवार कामावर रुजू झाल्यानंतर त्याला साठवलेला मजकूर वापरण्याचे तासाभराचे प्रशिक्षण मिळाले, तर तो वेग खऱ्या अर्थाने कामी येईल. त्याच तासात आणखी एक गोष्ट बजावावी लागेल: कार्यालयातील सामायिक संगणकाच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड, आधार क्रमांक किंवा बँक खाते साठवू नये. आमच्याकडे एका शिक्षकांचा मोबाइल क्रमांक अजूनही प्रत्येक नव्या अर्जात सुचवला जातो, आणि तो कोणत्या सेटिंगमध्ये दडला आहे हे या आठवड्यात मी शोधून काढणार आहे.

आपला विश्वासू,
एक शालेय लिपिक, जि. सातारा