दोन डुकरं पाळताना

संपादक साहेब, स.न.वि.वि.

घरामागच्या जागेत मांसासाठी डुक्कर पाळायचा विचार बरेच जण करतायत. मी यंदा पहिल्यांदाच पाळली, म्हणून लिहितोय.

एकच पिल्लू आणू नका, डुक्कर कळपातलं जनावर, एकटं पडलं की नीट खात नाही आणि दिवसभर केकाटतं, दोन तरी आणा, आठेक आठवड्यांची, आईचं दूध सुटलेली. कुंपणाच्या बाबतीत मी आधी साधी जाळी लावली, तिसऱ्या दिवशी दोघं नाकाने खालून उकरून बाहेर! मग जमिनीपासून वीतभर उंचीवर करंटची तार ओढली तेव्हा कुठे थांबली. लोक घाण म्हणतात पण डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून ते चिखलात लोळतं, सावली आणि चिखल नसेल तर उन्हात अक्षरशः मरतं. जागा असेल तर हगायला एक कोपराच धरतात, आपल्या काही माणसांपेक्षा बरी 😄

खुराकाचा हिशोब आधीच करा, १ किलो वजन वाढायला साधारण ३ किलो खाद्य लागतं, आणि ६ महिन्यांत जनावर १०० किलोच्या आसपास जातं. घरातलं उष्टं, त्यातही मांसाचं, अजिबात घालू नका, आफ्रिकन स्वाइन फीवरचा व्हायरस त्यातून येऊ शकतो. माणसाला तो होत नाही, पण डुकरं पटापट जातात.

आणि हो, कापणार कोण, कुठे, ते पिल्लं आणायच्या आधी ठरवा. मी नव्हतं ठरवलं.

आपला एक वाचक