सर, तुम्ही उगाच पडला नाहीत

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

तोंडावर कुणी आभार मानू लागलं की तुम्ही लगेच मॅटची कड सरळ करायला वाकता, हे फोंड्यातल्या आम्हा पालकांना आता पाठ झालंय. म्हणून हे उघड पत्र. वाचून अवघडल्यासारखं झालं तरी माझा नाइलाज आहे. घरात आमचं बोलणं कोकणी, पण पत्र लिहायला बसलं की हात आपसूक मराठीकडे वळतो. आमच्या पिढीची शाळाच तशी झाली.

गेल्या रविवारी तुम्ही माझ्या मुलाला ज्युदोच्या केशरी पट्ट्याच्या परीक्षेत नापास केलंत. तो घरी आला, हातपाय धुतले, दोनदा भात वाढून घेतला आणि आमटी ओरपता ओरपता म्हणाला, "डाव्या बाजूचं पडणं अजून कच्चं आहे माझं. सरांनी दाखवलं कुठे चुकतंय ते." एवढंच. ना रडणं, ना दार आपटणं. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले. मुलगा नापास झाला म्हणून आनंदाने रडणारी आई गोव्यात मी एकटीच असेन.

ते डोळ्यांतलं पाणी कशाचं होतं हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

तुमच्याकडे येण्याआधी तो कराटेच्या एका चांगल्या नावाजलेल्या वर्गात होता. कुठल्या ते लिहीत नाही. कराटेवर माझा काडीचाही राग नाही. ओकिनावाहून फुनाकोशी नावाच्या शिक्षकाने १९२२ साली तोक्योत प्रात्यक्षिक दाखवलं, तिथून ती विद्या जपानभर आणि मग जगभर गेली, आणि आजही ती मन लावून शिकवणारे गोव्यात आहेत. राग आहे तो त्या एका माणसावर. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा, अंगाने भरलेला. पहिल्याच आठवड्यात त्या प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर त्याचं नाव 'सुमो' ठेवलं. मुलं हसली, तोही हसला. घरी आल्यावर नाही हसला. मग त्याला काम मिळालं पॅड धरून उभं राहायचं. बाकीची मुलं लाथा मारायची, हा धरायचा. मी विचारायला गेले तर उत्तर आलं, "आधी वजन उतरू दे, मग बघू."

आणि तरीही दर परीक्षेला पट्टा मिळत होता! फी भरा, रांगेत उभे राहा, फोटो काढा, लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र घेऊन जा. पिवळा झाला, केशरी झाला, हिरवा झाला. हिरवा पट्टा मिळाला त्या रात्री त्याने तो कपाटात चादरींच्या खाली कोंबला आणि मला म्हणाला, "आई, मला काही येत नाही. तरी दिला." मोठ्यांना वाटतं, पोरांना खोटं कळत नाही. पोरांना सगळ्यात आधी कळतं. चिडवणं त्याने सोसलं असतं, पण त्या फुकटच्या पट्ट्याने तो आतून खचला. त्यानंतर त्याने जाणंच बंद केलं.

मग २०२३ ला राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा आपल्याकडे झाल्या. जिकडे तिकडे स्पर्धेचा शुभंकर असलेल्या त्या 'मोगा' गव्याची चित्रं, आणि ज्याला त्याला आपलं पोर कुठल्या तरी खेळाला घालायची घाई. खेळाचे गुण दहावीला उपयोगी पडतात, हेही त्यामागे होतंच, उगाच कशाला नाकारा. त्या लाटेत शेजारणीने तुमच्या ज्युदोच्या वर्गाचं सांगितलं. देवळाच्या सभागृहात, संध्याकाळी, कसलीही जाहिरात नाही. मुलगा यायला तयार नव्हता. "नुसता बघायला चल," म्हणून आणला.

पुढचे कित्येक आठवडे तुम्ही त्याला फक्त पडायला शिकवलंत. मागे पडायचं, कुशीवर पडायचं, पुढे लोळण घ्यायची. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, अंगापासून थोडा तिरका ठेवलेला हात जमिनीवर फाटकन. आमच्या सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पयशे दिवन पडपाक शिकता?" तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत हा प्रश्न विचारला गेला असणार.

आता त्या संध्याकाळबद्दल. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. मी मात्र तिच्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं.

त्या दिवशी पहिल्यांदा जोड्या लावून फेक शिकवायची होती. ओ गोशी, कमरेवरून टाकायची. मुलं पटापट आपापल्या मित्राकडे सरकली आणि माझा एकटा मध्ये उरला. बारा वर्षांचा, वजन साठाच्या वर. त्याच्यासमोर उभं राहणार कोण? मी मागच्या बाकावर बसले होते. पोटात गोळा आला. मनात म्हटलं, आता पुन्हा पॅड येणार.

तुम्ही शिट्टी वाजवली नाहीत, कुणाला "जा रे त्याच्याबरोबर" म्हटलं नाहीत. गुडघ्याचं कॅप वर ओढलंत, चालत गेलात, त्याच्यासमोर उभे राहून वाकून नमस्कार केलात आणि आपली बाही त्याच्या हातात दिलीत. पन्नाशी उलटलेला माणूस, दिवसभर नोकरी करून आलेला.

त्याने जोर लावला. तुम्ही हलला नाहीत. खांबाला धरून ओढावं तसा तो ओढत होता. मान लाल झाली, तरी तुम्ही जागचे ढिम्म. मुलं बघत होती. पुन्हा प्रयत्न केला, या वेळी वळला, पण कंबर बाहेरच राहिली. तुम्ही उभेच. माझ्या शेजारची बाई पुटपुटली, "पडायचं ना सरांनी, पोराचं मन तरी राहिलं असतं." खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं.

तुम्ही फक्त म्हणालात, "उचलू नकोस. आधी मला हलव."

आता मला माहीत आहे की ज्युदोत याला कुझुशी म्हणतात. समोरच्याचा तोल आधी काढायचा, मग त्याच्या आत शिरायचं, मग टाकायचं. तोल गेलेल्या माणसाला टाकायला फार ताकद लागत नाही आणि तोल शाबूत असलेल्याला टाकायला कितीही ताकद लावली तरी कमीच. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. मला दिसली ती तुमची टाच. त्याने बाही वर आणि पुढे ओढली, आणि तुमची टाच मॅटवरून उचलली गेली, जेमतेम बोटभर. तेवढ्यात तो गुडघे वाकवून आत शिरला. ठेंगणा असल्यामुळे त्याची कंबर आयती तुमच्या कमरेखाली बसली. तुम्ही त्याच्या पाठीवरून गेलात. हात मॅटवर आपटल्याचा आवाज सगळ्या सभागृहात घुमला आणि पोरं गप्प झाली.

तुम्ही उठलात, जाकीट नीट केलंत, त्याला परत वाकून नमस्कार केलात. शाब्बासकी नाही, टाळ्या नाहीत, पाठीवर थाप नाही. म्हणालात, "उजवा पाय अजून आत हवा. परत."

मग कितीतरी वेळ तो तुम्हाला टाकत राहिला. जेव्हा चुकला तेव्हा तुम्ही उभे राहिलात, जेव्हा जमलं तेव्हा पडलात. घरी जाताना स्कूटरवर मागे बसून तो मला सांगत होता, "मुद्दाम नाही पडले सर. मुद्दाम पडायचं असतं तर आधीच पडले असते ना!" फोंड्यापासून कवळ्यापर्यंत हे एकच वाक्य. दुसऱ्या दिवशी वर्गातली दोन मोठी मुलं आपणहून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सरांना टाकलेला पोरगा म्हणजे काय, चेष्टा आहे?

ज्युदो काढणाऱ्या जिगोरो कानोची गोष्ट तुम्ही मुलांना सांगितलीत, ती त्याने घरी येऊन आम्हाला सांगितली, तीही हातवारे करून. अंगाने किरकोळ पोरगा, शाळेत धटिंगण मुलं त्याला छळायची, म्हणून जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजीची विद्या शिकायला गेला. १८८२ साली तोक्योतल्या एका देवळात अवघ्या बारा तातामींवर, म्हणजे जपानी चटयांवर, त्याने आपला वर्ग सुरू केला, तोच कोदोकान. "आपलाही देवळातच आहे," हे माझ्या मुलाचं त्यावरचं भाष्य. कानो व्यवसायाने शिक्षकच होता, मुख्याध्यापक होता, हे मी नंतर वाचलं आणि तुमची पद्धत कुठून आली असेल ते थोडं उमगलं. शक्ती वाया न घालवता नेमकी वापरायची, आणि माझंही भलं तुझंही भलं, ही त्याची दोन सूत्रं. दुसरं आधी मला भिंतीवरच्या सुविचारासारखं वाटलं होतं. पण ज्युदो एकट्याने शिकताच येत नाही. टाकणाऱ्याला पडणारा लागतो, आणि पडणारा नीट पडला तरच टाकणारा शिकतो. उद्या अदलाबदल. जमिनीवर दाबून धरलेल्याने दोनदा थोपटलं की तत्क्षणी सोडायचं, त्यात वाद नाही. माझा मुलगा हे आता घरीही पाळतो. धाकटीशी मस्ती करताना तिने चटईवर थापटी मारली की हात वर करून बाजूला होतो. आधी ती किंचाळेपर्यंत सोडत नसे.

लोक विचारतात, वजन किती उतरलं? फारसं नाही. उंची वाढली, दम वाढला, झोप गाढ झाली, जिना चढताना धापा टाकत नाही. पण काट्यावरचा आकडा साधारण तोच आहे आणि तुम्ही एकदाही त्यावरून त्याला काही बोलला नाहीत. उलट वजनगट असतात, ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा शंभर किलोच्या वरचाही गट असतो, हे तुमच्याकडूनच त्याला कळलं. आता त्याच्या टेबलासमोर फ्रान्सच्या तेडी रिनेरचं चित्र आहे. त्याच गटात लंडन, रिओ आणि पॅरिसचं सुवर्ण जिंकणारा धिप्पाड माणूस. 'सुमो' म्हणणाऱ्याला ते चित्र एकदा दाखवावंसं फार वाटतं. असो.

आणि सासूबाईंचं. जुलैत आमच्या विहिरीकडच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तिथेच सासूबाई घसरल्या होत्या, हात टेकला आणि मनगट गेलं, महिनाभर प्लास्टर. यंदा मुलगा तिथेच घसरला, उताणा. हनुवटी छातीला, हात जमिनीवर फाटकन. कोपर खरचटलं, त्यापलीकडे काही नाही. उठून बादली घेऊन चालायला लागला. सासूबाई पडवीतून बघत होत्या. तेव्हापासून "पयशे दिवन" वगैरे बंद आहे, आणि शेजारच्या बायकांना हनुवटी कुठे ठेवायची ते त्याच शिकवतात. (जमिनीवर नव्हे, खुर्चीत बसून. घाबरू नका.)

सर, मला तुमच्या पदव्या माहीत नाहीत आणि तुमची मुलं किती पदकं आणतात तेही मी मोजलेलं नाही. भर पावसात मॅटना बुरशी धरते म्हणून तुम्ही त्या स्वतः पुसता, उसगावहून येणाऱ्या दोन मुलींची कदंब बस चुकू नये म्हणून त्यांना दहा मिनिटं आधी सोडता, आणि नापास झालेल्या मुलाजवळ मांडी घालून बसून कुठे चुकलं ते सांगता, एवढं मी पाहिलंय. फोंड्याच्या बाजारात एक मासळीवाली आहे, गिऱ्हाईक स्वतःहून टोपलीत हात घालतं तेव्हा सांगते, "काल्लें नुस्तें तें, व्हरूं नाका." (कालची मासळी ती, नेऊ नका.) त्या दिवशी तिचा धंदा बुडतो, पण मी आयुष्यात दुसरीकडे जाणार नाही. तुम्ही त्याच जातकुळीतले. अशा माणसांचा सत्कार कुणी करत नाही, कारण त्यांनी काही केलंय असं दिसतच नाही. ज्यांनी माझ्या मुलाला हिरवा पट्टा दिला त्यांच्या भिंतीवर मात्र सत्काराचे फोटो दाटीवाटीने लागलेत.

आता एक कामाचं. मॅट जुन्या झाल्या, मधल्या चार तर पार दबल्यात, आणि नव्या घ्यायला तुम्ही पुन्हा स्वतःच्या खिशात हात घालणार असल्याचं आमच्या कानावर आलंय. आम्ही पालकांनी वर्गणी काढली आहे. चवथीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी चौघेजण ती घेऊन येतील. तुम्ही नको म्हणाल हे गृहीत धरून पावतीपुस्तकही छापून घेतलंय, तेव्हा मुकाट्याने सही करावी. मॅट कुठल्या जाडीच्या हव्यात तेवढं मात्र आधी कळवा, आम्हाला त्यातलं समजत नाही. केशरी पट्ट्याची पुढची परीक्षा कधी, तेही मुलाने विचारायला सांगितलंय.

देव बरें करूं. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
डाव्या बाजूने अजून कच्चा पडणाऱ्या मुलाची आई